लोकसभेची तारीख आणि भाचीचं लग्न

मंडळी, आज दुपारी लोकसभेच्या तारखा जाहीर झाल्या आणि माझी चांगलीच पंचाईत झाली.

दिवाळीत राधानगरीहून ताई आली होती, पोरीच्या लग्नाची तारीख ठरवायला. मी पडलो मास्तर, दर निवडणुकीत केंद्राध्यक्ष. सगळ्यांसमोर ऐटीत सुरू झालो, "ताई, तारीख काय चिठ्ठ्या टाकून काढत न्हाईत. लोकसभेची मुदत संपायच्या आत सगळं उरकावं लागतंय. आयोग परीक्षा बघतो, सण बघतो, ऊन-पाऊस बघतो, बंदोबस्त कुठनं आणायचा ते बघतो, मग टप्पे पाडतो. गेल्या खेपेला आपलं एप्रिलमध्ये झालं. मे मोकळा हाय, बिनधास्त धर की!"

तिनं धरली. कोल्हापुरात शाहूपुरीत हॉल घेतला. नवरदेव मिलिटरीत, त्यानं रजाही त्याच दिवसांची मंजूर करून घेतली.

आज टीव्हीवर कोल्हापूरचा टप्पा आला. मे महिना, नेमका लग्नाचाच दिवस.

ताईचा फोन आला. वाटलं, आता शिव्या बसणार. पण ती हळूच म्हणाली, "जावयाची रजा तेवढीच हाय, तारीख हलत न्हाई. तुझी ड्युटी लागली तर अंतरपाटाला पोरीच्या मागं मामा म्हणून कुणाला उभं करू रे?"

ड्युटीतून सूट मिळावी म्हणून अर्ज करणार आहे. लग्नासाठी कुणाला मिळालीय का, सांगा.

त्या दिवशी ताईला मी सगळं समजावून सांगितलं. "नक्की तारीख मलाबी माहीत न्हाई," एवढंच तेवढं सांगितलं नाही.