फेस बसला, पण जाळ तसाच हाय

मंडळी, आज सकाळी मी थोडक्यात वाचलो.

पन्हाळ्याच्या पायथ्याला मामाच्या गुऱ्हाळावर गेलतो. काहिलीत, त्या भल्यामोठ्या कढईत, उसाचा रस उकळत होता. गूळ करणाऱ्या दत्तूतात्यांनी माझ्या हातात तेलाची वाटी दिली. "फेस वर आला की चार थेंब टाक, न्हायतर उतू जाईल."

एका हातात वाटी, दुसऱ्यात मोबाईल. तापमानवाढीवर एक नवा उपाय वाचत होतो, तो तात्यांना मोठ्यानं ऐकवला. आभाळात बारीक कण फवारायचे. थोडं ऊन वरच्या वर परत जाईल, बर्फ वितळायचा कमी होईल, समुद्र चढणार न्हाय.

तात्यांनी विचारलं, "आन् खालचा जाळ?"

"म्हंजी गाड्या-कारखान्यांचा धूर? त्याचं काय लिहिलं न्हाय."

तेवढ्यात तात्या ओरडले. फेस काठावर आलता आणि मी मोबाईलमध्ये! त्यांनी वाटी हिसकावून तेल टाकलं. फेस झटक्यात बसला. उकळता रस माझ्या पायापासून वीतभर लांब होता.

"फेस बसला म्हंजी रस गार झाला न्हाय, लेका. जाळ हाय तवर वाटी सोडायची न्हाय."

तेव्हापासून एकच भीती वाटतीय. धूर हाय तवर ती फवारणीपण सोडता यायची न्हाय. उद्या आभाळाची ती वाटी कुणाच्या हातात असंल? माझ्यासारख्याच्या असली तर?