नाकाशी धरलेला कांदा

लहानपणी मी दोन तऱ्हांनी जागी व्हायचे. एक रोजची, कोंबड्याची आणि मायच्या हाकेची. दुसरी फिट येऊन गेल्यावरची. त्यात आधी कांद्याचा वास यायचा. बराच वेळ नुसता वासच असायचा, मी नसायचेच. मग त्या वासाच्या कडेला काहीबाही उमटायचं, कुणाच्या बांगड्या, कुणाचं कोपर, वर लिंबाची फांदी नाहीतर घराचे पत्रे. सगळ्यात शेवटी माझं नाव ऐकू यायचं आणि ते आपलंच आहे हे कळायला आणखी थोडा वेळ जायचा.

फिट येण्याआधी उजेड पातळ व्हायचा. ताकात पाणी वाढवत न्यावं तसा. माणसं बोलतायत हे दिसायचं, पण आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखे. आता बसावं, एवढं मनात यायचं आणि बसायच्या आतच सगळं जायचं.

आमच्या देवणीकडच्या गावात फिट आलेल्याला कांदा हुंगवतात. तो विळीनं कापायचा नाही, बुक्कीनं फोडायचा. लोखंड लागलं की कांद्याचा गुण जातो म्हणे. माझी माय यात गल्लीत हुशार. कान ठणकला की ती कोमट कांद्याचे थेंब घाली, ताप चढला की तळपायाला कांदा चोळी, उन्हाळ्यात वावरात निघालेल्याच्या खिशात कांदा कोंबी. भीतीही तिला कांद्याची तेवढीच. कापलेला अर्धा कांदा रात्रभर घरात ठेवायचा नाही, तो सगळी रोगराई ओढून घेतो. सालपटं चुलीत घालायची नाहीत, घरातली बरकत जळते. चातुर्मासात तर आमच्या घरात कांदा वर्ज्य. पण तेव्हाही भिंतीतल्या देवळीत, देवाच्या फोटोपासून जरा लांब, एक कांदा असायचाच. माझा.

शेजारीण हसायची. "चातुर्मासात कांदा? देव बघायलाय की वो!"

"बघू दे," माय म्हणायची. "खायचा न्हाई, हुंगवायचा हाय. हुंगायला कुठं मनाई हाय?"

शाळेत माझ्याशेजारी बसणारी मैत्रीण दप्तरात कांदा घेऊन यायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. एकदा प्रार्थनेच्या वेळी मी पडले, कांदा आणायला कुणीतरी गावात पळालं, आणि तेवढा वेळ तिनं माझं डोकं मांडीवर धरलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तिच्या कंपासपेटीशेजारी कांदा. तिची पुस्तकं, माझी पुस्तकं, आमचा बाक, सगळ्याला तो वास. पोरं म्हणायची, "आल्या बघा, कांदा आन् भाकर!" ती मागं वळून म्हणायची, "भुका लागल्या का रं तुम्हाला?" सातवीनंतरच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्या वडिलांनी कामासाठी शहराकडं बिऱ्हाड हलवलं आणि ती गेली. शाळा उघडली तेव्हा घरात एकच प्रश्न होता, आता शाळेत हिच्याजवळ कांदा घेऊन कोण बसणार? उत्तर कुणाला सापडलं नाही. माझी शाळा अशी संपली. कुणावर राग धरावा असं त्यात काही नव्हतं. ती वर्षभर कांदा वागवत होती म्हणून माझी सातवी तरी झाली, असंच मी धरून चालते.

मोठी झाल्यावर ओळखीतून नांदेडला काम मिळालं. शाळेच्या गणवेशांचं शिवणकामाचं दुकान, मालकीणबाई एकट्या, त्यांच्या घरामागच्या खोलीत राहायला जागा. उदगीरहून गाडी सुटली, जळकोट मागं पडलं, आणि मला वाटायला लागलं की पृथ्वी इथून पुढं उताराला लागते. कोस मोजले तर नांदेड काही परदेश नाही. पण ज्या गावात आपल्याला कांदा हुंगवायचा हे कुणालाच माहीत नाही, ते गाव लांबच.

माय सोडायला आली होती. तिनं मालकीणबाईंच्या हातात घरच्या कांद्यांची पिशवी दिली आणि म्हणाली, "पोरीला फिट येती, बाई. आली तर बुक्कीनं कांदा फोडायचा आन् नाकाशी धरायचा. दुसरं काही न्हाई."

"अहो ताई, नांदेडला कांदे मिळतात!" बाई म्हणाल्या.

"मिळत असतील. पर हे तिच्या ओळखीचे हायेत."

बाईंना मी काकू म्हणायला लागले. त्यांनी मला मशीनवर बसवलं नाही, काज-बटणाला बसवलं. सुई-दोरा, गालिच्यावर बैठक, पडलं तरी लागायला काही नाही. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, मला आपलं उशिरा कळलं. आणि पहिल्याच आठवड्यात दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. कांद्याचं ऐकून ते हसले नाहीत. म्हणाले, कांद्यानं काही होत नाही, फिट आपली आपण थांबते. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, नाकातोंडात काही घालायचं नाही, रस श्वासात गेला तर नसतं संकट. घड्याळ बघायचं, लांबली तर ताबडतोब आणायचं. गोळी चुकवायची नाही.

त्या दिवशी मी काज शिवत होते आणि बोट चालत नव्हतं. आपली आपण थांबते! मग लिंबाखाली धावत आलेल्या त्या सगळ्या बायका? आणि मला आता एक नवीच धास्ती लागली. वासच नसेल, तर मी परत यायची वाट कशी ओळखणार? काळोखात घर शोधताना ओसरीवरचा दिवाच कुणी काढून न्यावा, तसं झालं.

फोनवर मायला सांगितलं.

"डॉक्टरला कांदा वंगाळ वाटतो का?"

"तसं न्हाई, माय."

"मग तिथं कांदा फोडत न्हाईत?"

"न्हाई."

"मी न्यायला येते," म्हणाली आणि फोन ठेवला.

ती आली. मला जायचं नव्हतं. इथं हातात काम होतं, गोळी लागू पडत होती, काकू होत्या. पण मायला नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही. आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. दुपारी दुकानात माय कापडाच्या गठ्ठ्यावर बसली, पिशवी मांडीवर, चहासुद्धा घेईना.

"बाई, तुमचे उपकार हायेत," ती काकूंना म्हणाली. "पर माझ्या डोळ्यादेखत पडली तर मी तरी हाय. इथं पडली आन् कुणी नुसतंच घड्याळ बघत बसलं तर?"

"नुसतं नाही हो ताई, जवळ बसून बघणार!"

कापडाच्या कडा शिवायच्या ओव्हरलॉक मशीनवर बसणारी बिलोलीची ताई मध्येच म्हणाली, "मावशी, न्यायचं तर न्या, पर हिच्यासारखं काज करणारी दुसरी देऊन जा."

माय हसली नाही. मला तिच्याकडं बघायचा धीर होईना, म्हणून मी खिडकीकडं बघत होते. काचेवरचा उजेड पातळ व्हायला लागला होता. माय, असं मी म्हणाले असेन किंवा नुसतं म्हणायचं ठरवलं असेल.

मग मी जागी झाले, आणि वास नव्हता.

तो वेळ मला नीट सांगता येत नाही. पाण्याखाली बसून वर बघावं तसं होतं. भीती वाटायला हवी होती, पण ती धरायला मीच अजून आले नव्हते. गालाखाली नव्या कापडाची खळ. पाठीला कुणाचा तरी गुडघा टेकलेला. तो गुडघा हलत नव्हता, एवढं एकच मला कळत होतं, आणि त्याच्याच आधारानं हळूहळू खोली आली, छत आलं, मशीन आलं. गुडघा मायचा होता.

मधलं सगळं मला बिलोलीच्या ताईनं सांगितलं. मी पडले तशी मायनं पिशवीतून कांदा काढून फरशीवर फोडला. काकूंनी तिचं मनगट धरलं. "ताई, थांबा. कुशीवर घ्या आधी. मी घड्याळ बघते. थांबली नाही तर रिक्षा दारात आहे." दोघींची जरा ओढाताण झाली. मग मायनंच मला वळवलं आणि पाठीला गुडघा लावून बसली, फोडलेला कांदा मुठीत तसाच. "असा आवळला होता मावशीनं, की रस कोपरापर्यंत. आम्हा सगळ्यांच्या डोळ्याला धारा! तुला सोडून अख्खं दुकान रडलं बघ." वास मग आलाच असणार खोलीत. मला कसा आला नाही कोण जाणे.

माय माझ्या केसांवरून हात फिरवत होती. "आली की गं. आपोआप आली," ती म्हणाली. थोड्या वेळानं, कुणाकडंच न बघता, "मग इतकी वर्षं मी काय करत होते?"

काकूंनी तिच्यापुढं चहा ठेवला. "धावत येत होता तुम्ही. आमच्याकडं फिट आलेल्याला बघून लोक लांब सरकतात, ताई. हातात कांदा असला की माणूस जवळ येतं."

मायनं हात धुतले आणि चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी मी तिला गाडीत बसवायला गेले. माझं बोचकं कुणी बांधलं नव्हतं. उदगीरची गाडी लागली. खिडकीची जागा मिळाल्यावर माय वाकून म्हणाली, "शेजारच्या नव्या सुनेला येती गं फिट. मलाच बोलावतेत. कुशीवर म्हंजी कोणच्या?"

"डाव्या. आन् नाकातोंडात काही न्हाई. आन् दवाखान्यात न्यायला सांग, गोळ्यांसाठी."

"डाव्या," ती म्हणाली. पंजा समोर धरून तिनं तो डावीकडं कलता केला, मग बरोबर झालं का म्हणून माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. गाडी निघाली तेव्हा तिचा हात तसाच होता, आडवा, निजलेल्या माणसासारखा.