साबुदाणा न विकणाऱ्या काकू

आपलं दुकान चालू नये म्हणून एवढी मेहनत घेणारा दुकानदार सबंध बीड जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. दिंद्रुडच्या बँकेत मी नोकरीला होते, तेव्हा बाजाररस्त्यावरच्या एका किराणा दुकानामागच्या खोलीत भाड्याने राहायचे. त्या दुकानाच्या मालकीण म्हणजे आमच्या काकू. काका जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी लग्न होऊन पुण्यात, आणि काकू दिवसभर तराजूमागे एकट्या. त्यांना शुगर निघाली आणि गावातल्या समस्त बायकांच्या शुगरचा ठेका त्यांनी स्वतःकडे घेतला. एकादशीच्या आदल्या दिवशी एका माणसाने साबुदाणा मागितला, तर काकूंनी मापाला हातच लावला नाही. "घरात शुगर कुनाला हाय?" "आईला हाय थोडी." "मग साबुदाना काऊन? उपास म्हनून ती बिचारी दिसभर पिठूळच खानार. शेंगदाने न्या, दही लावा, काकडी द्या म्हनावं." तो गरीब माणूस शेंगदाणे घेऊन उतरला आणि सरळ समोरच्या दुकानात जाऊन साबुदाणा घेऊन आला. काकू मान उंच करून बघत होत्या. "घेतलाच मेल्यानं," त्या मला शांतपणे म्हणाल्या. समोरच्या दुकानदाराने काकूंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार कसा केला नाही, याचं मला अजूनही नवल वाटतं.

दुसऱ्याला सांगायचं आणि आपण खायचं, असं मात्र त्यांचं नव्हतं. फोनवरच्या व्हिडिओत कुणा बाईचं ऐकून त्यांनी भात सोडला, बटाटा सोडला आणि एक दिवस चक्क ज्वारीची भाकरी सोडली. देव सोडला असता तरी गल्लीला एवढा धक्का बसला नसता. त्यात उपास. घराणं शंकराचं, त्यामुळे सोमवार लहानपणापासूनचा. पण काकूंनी पुढे विष्णू, गणपती, शनी, कुणालाच नाराज ठेवलं नाही. आठवड्यात जेवणाचा वार हुडकावा लागायचा. "आज कसला उपास, काकू?" असं विचारलं की म्हणायच्या, "असतोय की कायतरी." गोळी मात्र सकाळी न चुकता. संध्याकाळी मुलीचा फोन यायचा, "आई, जेवलीस ना?" आणि काकू "जेवले की," म्हणून कोरड्या पातेल्याकडे बघत राहायच्या.

श्रावणातल्या एका सोमवारी बँकेला सुट्टी होती. दुपारी दुकानात डोकावले, तर काकू तीच डाळ तराजूत घालत होत्या, काढत होत्या, पुन्हा घालत होत्या. अंगाला दरदरून घाम, हात थरथरतायत. त्यांनी मला मुलीच्या नावाने हाक मारली. मी घाबरून पाण्यात साखर ढवळली आणि तांब्या त्यांच्या तोंडाला लावला, तर त्यांनी ओठ घट्ट मिटले. "उपास हाय. आन् साखर तर न्हाईच न्हाई." भोवती साखरेची पोती आणि मध्ये साखर उतरलेली बाई. मी लहान लेकराला पाजावं तसं हनुवटी धरून घोट घोट पाजलं. हळूहळू नजर स्थिरावली. मग पहिलं वाक्य आलं, "कोन्त्या पोत्यातली घेतली? खालचं आधी संपवायचं हुतं."

मी त्यांना रिक्षात घालून माजलगावच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या रागावल्या नाहीत. "भाकरी कमी केली ते ठीक," म्हणाल्या, "पण खाणं कमी केलं की गोळीचं मला विचारायचं. गोळी घेऊन उपाशी राहिलात तर साखर अशीच उतरणार. आणि एवढे उपास कशासाठी?"

"देवासाठी," काकू म्हणाल्या.

काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "एकटीपुरतं ग्यास पेटवू वाटत न्हाई हो. उपास म्हनलं की कुनी इचारत न्हाई, काऊन जेवली न्हाईस म्हनून."

गोळी कमी झाली. सोमवार तेवढा राहिला, तोही दही, शेंगदाणे आणि काकडी वेळेवर खायच्या अटीवर. बाकीचे देव समजूतदार निघाले. मी बँकेतून दुपारी डबा घेऊन दुकानात यायला लागले. काकू चतकोर भाकरी, वाटीभर वरण, ताटभर भाजी घेऊन समोर बसायच्या आणि माझ्या डब्यातल्या भाताकडे पाहून, "खा, खा. म्हातारपनी कळल," म्हणायच्या. मुलगी पुण्याला चल म्हणाली, तर उत्तर तयार, "तिथं समदे दार लावून बसत्यात. हितं निदान गिऱ्हाईक भांडायला तरी येतंय."

पुढे माझी आष्टीला बदली झाली. निघताना काकूंनी शेंगदाण्यांची पिशवी दिली, आणि परत घेऊन दोन मुठी आणखी घातल्या.

आता मीही इथे एका खोलीत एकटीच असते. दुपारी काकूंचा फोन येतो. फार बोलणं होत नाही. बोलायचं ते पहिल्या घासालाच संपतं. दोघी फोन ताटाशेजारी ठेवतो आणि जेवतो. तिकडून मुळा चावल्याचा आवाज येतो, रस्त्यावरून एखादी गाडी गेलेली ऐकू येते. परवा मध्येच कुणीतरी दुकानात येऊन चहापत्ती मागितली.

"थांबा जरा," काकू म्हणाल्या, "आमी जेवायलाव."