दुसरं बोट

शाळेत फळ्याच्या जागी बोटाने चालणारं डिजिटल पॅनल बसलं तेव्हा माझ्या निवृत्तीला एकच वर्ष उरलं होतं, आणि त्या वर्षात मला फक्त एक गोष्ट हवी होती: दहावीची शेवटची बॅच माझ्याच हाताखालून बोर्डाच्या परीक्षेला जावी. तुर्भ्याच्या या शाळेत दहावीचं विज्ञान इतकी वर्षं मीच शिकवत आले. इथल्या भाजी मार्केटात मला कुणी नावाने ओळखत नाही, 'दहावीच्या मॅडम' म्हणून ओळखतात. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडतं.

संस्थेने जूनमध्येच जाहीर केलं की दहावीला शिकवणाऱ्या प्रत्येकाने पॅनलवर एक पाठ घेऊन दाखवायचा. पाठ जमला तर वर्ग तुमचा. नाही जमला तर दिवाळीनंतर वर्ग दुसऱ्याकडे. माझ्या बाबतीत हा 'दुसरा' कोण, हे सगळ्या स्टाफरूमला ठाऊक होतं. खांदेश्वरहून येणारे, नववीला विज्ञान शिकवणारे तरुण सर. माणूस वाईट नव्हता, हीच पंचाईत. वाईट असता तर मनसोक्त चिडता आलं असतं. उलट शाळा सुटल्यावर थांबून तेच मला पॅनल शिकवत.

"मॅडम, टेन्शन नका घेऊ. एक बोट ठेवलं की चित्र सरकतं, दोन ठेवली की लहानमोठं होतं. बस, मोबाइलसारखंच."

मी मोबाइलवर दोन बोटांनी कधी काही केलं नव्हतं, पण मान डोलावली.

माझा खरा राग टाचणावर होता. टाचण म्हणजे तासाला काय सांगायचं, काय दाखवायचं, कधी कोणता प्रश्न विचारायचा, याची आधीच केलेली मांडणी. माझी टाचणं हाताने लिहिलेली, समासात लाल शाईने मुलांचे नेहमीचे घोळ टिपलेले. आता ती संस्थेच्या अ‍ॅपवर चढवायची होती. प्रत्येक रकान्यात तयार पर्यायांतून एक निवडायचा आणि प्रत्येक टप्प्यापुढे मिनिटं टाकायची. मुलांना शंका येण्यासाठी मिनिटं टाकायला जागाच नव्हती. मी प्रकाशाच्या अपवर्तनाचा पाठ निवडला, दात-ओठ खात सगळे रकाने भरले आणि चढवून टाकला.

मग दसरा आला. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी आमच्याकडे शाळेतल्या सगळ्या साधनांची पूजा होते. प्रयोगशाळेतला तराजू, शिवणाचं यंत्र, कॉम्प्युटर, शाळेची घंटासुद्धा. अर्धे पालक मार्केटात मालाची चढउतार करणारे, त्यामुळे झेंडूला तोटा नसतो. यंदा पॅनलचाही मान होता आणि वयाने मोठी म्हणून ताट माझ्या हातात आलं. मी चौकटीला हळदीकुंकू लावलं, हार घातला, सढळ हाताने अक्षता वाहिल्या आणि मनातल्या मनात म्हटलं, बाबा रे, एवढा एक तास मला सांभाळून घे. यंत्रापुढे हात जोडणारी विज्ञानाची शिक्षिका! पण मला त्यात विसंगत काही वाटलं नाही, आजही वाटत नाही. नंतर मुलींनी हार काढला, काच पुसली आणि वर्गाला कुलूप लागलं.

सुट्टीनंतर शाळा उघडली त्याच दिवशी पहिल्या तासाला माझा पाठ होता. फाटकाशी एका मुलीची आई उभी होती, साताऱ्याकडची. "मॅडम, मोठीला तुमीच शिकवलं. धाकटीला बी तुमीच पायजे बगा. लोकं काय काय बोलाय लागल्यात." म्हणजे बातमी मार्केटापर्यंत पोचली होती. मी हसून पुढे झाले.

संस्थेचे सचिव आणि मुख्याध्यापिका मागच्या बाकावर बसले. सचिवांच्या हातात टॅबवर माझंच टाचण होतं. काही अडलं तर म्हणून तरुण सर दाराशी उभे राहिले. मी पॅनल सुरू केलं. काचेची चीप, म्हणजे जाड आयताकृती तुकडा, आणि तिच्यातून जाणारा प्रकाशकिरण, असं चित्र पडद्यावर आलं. इथपर्यंत सगळं ठीक.

किरण सरकवायला मी बोट ठेवलं आणि चित्र भसकन मोठं झालं. चीप पडद्याबाहेर गेली. मुलं हसली. मी बोट उचललं, पुन्हा ठेवलं. आता चित्र आक्रसलं आणि तिरकं होऊन बसलं. हात लावलेला नसतानाही खाली मेनू उघडू लागला. मी बोट पदराला पुसलं. मला खरंच वाटलं की दोष माझ्या बोटाचाच आहे, खडू धरून धरून त्याची कातडी निबर झाली असेल. हसणारी मुलं आता गप्प झाली होती, आणि ते जास्त झोंबलं. त्यांना माझी कीव येत होती.

"बाई, टाचणाप्रमाणे आत्ता तुम्ही दुसऱ्या टप्प्यावर असायला हवं," सचिव म्हणाले.

तरुण सर धावत आले. त्यांनी हात लावला तर त्यांच्यापुढेही तेच. पॅनल बंद करून सुरू केलं, तरीही तेच. "सर, याचं सेटिंग गेलंय बहुतेक. कंपनीचा माणूस बोलवायला लागेल," ते सचिवांना म्हणाले.

सचिवांनी घड्याळ पाहिलं. "मग पाठ नंतर कधीतरी बघू. तोपर्यंत बाईंना त्रास नको. दहावी सध्या हे सर सांभाळतील."

किती सोप्या शब्दांत गेलं सगळं. मी त्या 'सध्या'ला चांगली ओळखते. शाळेत सध्या म्हणून केलेली व्यवस्था कुणी कधी मोडत नाही. माझ्या तोंडाशी आलं होतं, "बरं, घ्या तुम्हीच." पॅनलसमोरून बाजूला व्हायला पाऊलही उचललं होतं. तेवढ्यात पडद्यावरचं चित्र आपोआप थरथरलं आणि मी अशी संतापले की भीती कुठल्या कुठे गेली.

"थांबा," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच. "तास अजून माझा आहे."

मी पुन्हा बोट ठेवून हळूच सरकवलं, या वेळी नुसतं बघायला. चित्र मोठं होत होतं, पण सगळीकडून सारखं नाही. खालचा डावा कोपरा जागचा हलत नव्हता, जणू तिथे कुणी दाबून धरलं होतं. मी मुलांकडे वळले.

"दोन बोटं ठेवली की चित्र मोठं होतं. माझं बोट एक. दुसरं कोणाचं?"

मागे सचिव पुन्हा टॅबमध्ये डोकावले. तिथे हा प्रश्न नव्हता.

"ही काच दाबलेलं ओळखत नाही," मी म्हटलं. "चौकटीच्या एका कडेतून अवरक्त किरण निघतात, समोरच्या कडेला पोचतात. आडवे आणि उभे. डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाची जाळीच. ती जिथे अडते तिथे बोट आहे असं पॅनल समजतं. मग सांगा, दुसरं बोट कुठे शोधायचं?"

"खाली, मॅडम! कोपऱ्यात!" फाटकाशी भेटलेल्या बाईची धाकटी मुलगीच ओरडली.

माझे गुडघे धड नाहीत. तरी सगळ्यांदेखत मी खाली बसले आणि चौकटीच्या खाचेत डोळे घातले. तिथे, काच आणि कडेच्या सांध्यात, ओल्या कुंकवाने घट्ट चिकटून वाळलेला अक्षतेचा एक दाणा बसला होता. मीच वाहिलेला. क्षणभर वाटलं, गुपचूप काढून मुठीत ठेवावा. पण दहावीचा अख्खा वर्ग बघत होता. पदराची पिन काढून मी तो उकरला आणि तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवला.

"हे बघा दुसरं बोट. पूजा मी केली होती."

हसू फुटलं, आणि मीही हसले. पॅनलला हात लावला तर किरण मुकाट्याने सरकला. उरलेल्या वेळात मी अपवर्तन शिकवलं, पण टाचणातल्या क्रमाने नाही. मुलं किरण अडवण्याबद्दलच विचारत राहिली. काळा कागद आडवा धरला तर? काच धरली तर? पाण्याची पिशवी धरली तर? तीच वाट धरून मी चिपेपर्यंत पोचले. घंटा झाली तेव्हा दोन टप्पे राहून गेले होते.

सचिव उठले. "बाई, हे टाचणात होतं?"

"नाही."

"मग चढवलेला पाठ आणि झालेला पाठ जुळत नाही." एवढंच बोलून ते निघून गेले.

पुढचे तास मी कसे घेतले, आठवत नाही. मधल्या सुट्टीत डबा उघडलासुद्धा नाही. शाळा सुटायच्या सुमारास मुख्याध्यापिकांनी बोलावलं. निर्णय आला होता: दहावी माझ्याकडेच राहील. खाली सचिवांचा शेरा होता, मुलांना विषय समजला, पण पाठ नियोजनानुसार झाला नाही, टाचण दुरुस्त करून पुन्हा चढवावं. मी "हो" म्हटलं, प्रयोगशाळेत गेले, दार लावलं आणि रडले. सुटकेचं रडू म्हणावं तर त्यात रागच जास्त होता.

दुसऱ्या दिवशी मोकळ्या तासाला मी स्टाफरूममध्ये अ‍ॅप उघडलं. साहित्याच्या रकान्यात व्हिडिओ, अ‍ॅनिमेशन, तक्ता असे पर्याय होते आणि शेवटी 'इतर'. मी इतर निवडून टाइप केलं: अक्षतेचा दाणा, एक.

शेजारून तरुण सरांनी वाचलं. "मॅडम, ते अक्षतेचं काढा ना. पुढे कुणी वाचलं तर हसेल."

"पुढे कोण वाचणार?"

पुढच्या जूनपासून दहावी त्यांची होणार होती आणि माझी टाचणं त्यांच्याच खात्यात जाणार होती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"तुम्हीच वाचणार, सर. म्हणून तर लिहितेय."

त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. "मग मुलांना काय विचारायचं, तेही लिहा."

मी प्रश्नाच्या रकान्यात लिहिलं: माझं बोट एक. दुसरं कोणाचं? पुढे मिनिटं विचारली होती. ती जागा मी रिकामी सोडली, आणि सरांनीही ती भरा म्हणून सांगितलं नाही.