बंबखान्यातलं तालमीचं जेवण

आर्लीन क्रॉन्कला एखादं काम आपल्याला जमणार नाही असं कधी वाटलंच नाही. तरुणपणी ती रॉचेस्टरला एका मोठ्या दुकानाच्या दर्शनी काचा सजवायची. लग्न होऊन जवळच्याच नेपल्स नावाच्या द्राक्षमळ्यांच्या गावात आली, तिथे काचा सजवण्याजोगं दुकानच नव्हतं, म्हणून शाळेची बस चालवायला लागली. बर्फातून डोंगरावरच्या घरांपर्यंत बस नेणं इतर ड्रायव्हर टाळायचे, ते ती मागून घ्यायची. नवरा लॉईड वाइनच्या एका कारखान्यात तळघरात कामाला होता. तिथे तो पिऊ लागला आणि पितच राहिला. शेवटी आर्लीनने त्याला घराबाहेर काढलं आणि मुलाला एकटीने वाढवलं. त्यानंतर लॉईडने दारू सोडली, पक्की सोडली. पण तोवर दोघांचे संसार वेगळे झाले होते. तो शेजारच्या गावात ट्रॅक्टर दुरुस्त करायचा.

मुलाचं, वेस्लीचं, टेसाशी लग्न ठरलं ते ऐन द्राक्षांच्या तोडणीत. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी चर्चमध्ये लग्नविधीची तालीम झाली की दोन्हीकडच्या मंडळींना जेवण घालायचं ते वरपक्षाने, अशी तिथली रीत. आर्लीनने गावच्या बंबखान्याचा, आगीचे बंब ठेवतात तिथला, हॉल मागून ठेवला. मग सिरॅक्यूजहून विहीणबाईंचा, कॉन्स्टन्सचा, फोन आला. एवढं द्राक्षांचं गाव आहे, तर जेवणाचा सगळा थाट वाइनचा करावा, असं त्यांच्या मनात होतं. आर्लीन लगेच हो म्हणाली.

वेस्लीला हे कळलं तेव्हा तो आईवर चिडला. बाबा अशा जेवणाला पाऊलही टाकणार नाहीत, हे तुला कळायला हवं होतं, असं म्हणाला. शेवटी तो म्हणाला, "फुलं लाव, भोपळे ठेव. बाटल्या कशाला?"

"तुझ्या बापाला काय चालतं ते तू ठरवू नकोस, मीही ठरवणार नाही," आर्लीन म्हणाली. "त्यालाच विचारते."

दुसऱ्या दिवशी मुलांना शाळेत सोडून ती तशीच बस घेऊन लॉईडच्या शेडवर गेली. तो ट्रॅक्टरखाली होता. बाहेर न येताच त्याने सगळं ऐकून घेतलं.

"वाण्याच्या दुकानात गेलो तरी बाटल्या दिसतातच की," तो खालून म्हणाला. "मला त्रास कशाचा होतो सांगू? मी आलो की लोक बाटल्या लपवतात, माझ्यापुढचा ग्लास पालथा घालतात, त्याचा. घरात कुणी गेल्यासारखं कुजबुजतात."

"मग येशील?"

तो बाहेर आला, हात पुसत राहिला. "एक गोष्ट सोडून. वाइनचं लाकडी पीप ठेवू नकोस. ओल्या पिपाचा वास आला की मी अजूनही त्या तळघरात जातो."

"नाही ठेवणार," आर्लीन म्हणाली आणि बस वळवून निघाली.

पुढचा आठवडाभर ती आपल्या रंगात होती. गावभरच्या रिकाम्या बाटल्या गोळा करून तिने न्हाणीघरातल्या टबात भिजत घातल्या, लेबलं खरवडून काढली. कुंपणावरचे रानद्राक्षांचे वेल तोडून आणले. त्यांची पानं नुकतीच तांबूस व्हायला लागली होती. हॉलमधल्या पांढऱ्या ट्यूबलाइट तिने बंद ठेवायला लावल्या आणि वेलांतून बारीक पिवळे दिवे ओवले. टेबलांवर गोणपाटाचे पट्टे, त्यांवर बाटल्यांत उभ्या मेणबत्त्या, मधून काळ्या द्राक्षांचे घड आणि मूठमूठ बुचं. प्लास्टिकचं एकही पान तिने आत येऊ दिलं नाही. बंबखान्याच्या प्रमुखाने मेणबत्त्या मोजल्यासारखं केलं आणि म्हणाला, आग लागलीच तर आम्हाला लांब जावं लागणार नाही. शिडीवरून ती हॉलकडे पाहत राहिली. रॉचेस्टरच्या काचेत तिने इतकं चांगलं काम कधी केलं नव्हतं, आणि ते तिला ठाऊक होतं.

शुक्रवारी दुपारी कॉन्स्टन्स आल्या त्या मागे छोटा ट्रक घेऊनच. ट्रकमध्ये भलंमोठं पीप होतं, नुकतंच रिकामं केलेलं. दाराशीच ठेवायचं, पाहुण्यांनी त्यावर सह्या करायच्या, असा त्यांचा बेत होता. ट्रकवरच्या दोघांनी ते खाली उतरवलं, तशी आंबटगोड वासाची लाट हॉलभर पसरली.

"हे आत नाही चालायचं, विहीणबाई," आर्लीन म्हणाली.

कॉन्स्टन्सना ते लागलं. किती खटपटीने मिळवलं, कुठून आणलं, ते त्या सांगू लागल्या. आर्लीनने सगळं ऐकून घेतलं आणि मग आडपडदा न ठेवता सांगितलं, "वेस्लीच्या वडिलांनी दारू सोडली आहे. बाटल्यांचं त्यांना काही नाही. हा वास मात्र सोसत नाही. ते दारातून परत गेले, तर उद्याच्या लग्नात मुलाचा चेहरा बघवणार नाही."

कॉन्स्टन्सचा चेहरा उतरला. "मला कुणी सांगितलंच नाही. अगं, मग या बाटल्यासुद्धा काढूया सगळ्या. मी मदत करते."

"एकही नाही काढायची. त्यांच्यासाठी हॉल ओकाबोका केलेला त्यांना जास्त झोंबेल. तुम्ही एवढंच करा, सगळ्यांशी बोलता तसंच त्यांच्याशी बोला."

पीप मैदानाच्या पार टोकाला, वास हॉलकडे येणार नाही अशा बाजूला गेलं. बाह्या सरसावून कॉन्स्टन्स स्वतः ते ढकलत होत्या, हे पाहून आर्लीनला त्या पहिल्यांदा आवडल्या.

संध्याकाळी लॉईड आला. इस्त्रीचा शर्ट, नखांत ग्रीस. दारात थांबून त्याने एक खोल श्वास घेतला आणि आत आला. प्रत्येक ताटापाशी एकसारखे उंच ग्लास होते. काहींत वाइन, काहींत त्याच आठवड्यात काढलेला द्राक्षांचा रस. मेणबत्तीच्या उजेडात रंग एकच दिसत होता. कॉन्स्टन्स त्याच्या शेजारी बसल्या आणि आपल्या गाडीच्या इंजिनातून येणाऱ्या आवाजाबद्दल त्यांनी त्याला इतकं छळलं, की तो बराच वेळ दुसरं काही बोलूच शकला नाही.

वडिलांनी दोन शब्द बोलायची वेळ आली तेव्हा वेस्लीने मान खाली घातली. लॉईड उभा राहिला, ग्लास उचलला.

"या मुलाला मी वाढवलं नाही, त्याच्या आईने वाढवलं," तो म्हणाला. "मी ताळ्यावर आलो तोवर तो मोठा झाला होता. तरी त्याने मला बोलावलं. टेसा, पोरी, तू चांगल्या माणसाशी लग्न करते आहेस." एवढं बोलून तो रस प्यायला आणि खाली बसला. वेस्ली उठून टेबलाला वळसा घालून बापाकडे गेला. आर्लीन द्राक्षांची गोड पाय-पेस्ट्री कापायला लागली, कारण कुणीतरी ती कापायला हवीच होती.

लग्न नीट पार पडलं. त्या हिवाळ्यात टेसाच्या मावशीने आर्लीनला आपल्या मुलीच्या लग्नाचा हॉल सजवायला बोलावलं, मग आणखी दोघींनी. बस तिने सोडली नाही, सजावट सुट्टीच्या दिवशी करायची. शिडी धरायला लॉईड यायचा. दिवे तो लावायचा, ते कुठे लावायचे हे ती सांगायची, आणि काम झालं की आपापल्या गाडीने दोघं आपापल्या घरी जायचे. गावाने काय काय तर्क केले. ते खोडून काढायच्या भानगडीत आर्लीन पडली नाही.