कारणाचा रकाना

शाळेत सगळे त्यांना 'कारणसर' म्हणत. भूमितीच्या पेपरात डावीकडे विधान, उजवीकडे कारण. उजवा रकाना रिकामा दिसला की सरांचं लाल पेन अर्धा गुण कापायचं. विधान बरोबर असलं तरी. सख्ख्या लेकीलाही सोडलं नाही. शाळेतून घरी येणं म्हणजे बिचारीला आगीतून फुफाट्यात.

एकतीस वर्षं सर पूर्ण संख्यांबद्दलच्या एका विधानामागे हात धुऊन लागले होते. वहीच्या पहिल्या पानावर नऊ गृहीतकं, त्यांतून ते सिद्ध करायचं. दरवेळी शेवटच्या दोन ओळींत घोडं पेंड खायचं. बायको म्हणायची, "एकदा समुद्र बघून येऊ." सर म्हणायचे, "एवढं संपलं की जाऊ." ते संपेना, आणि दोन वर्षांपूर्वी बायकोच गेली.

रविवारी सकाळी लेक आली. तीही आता कॉलेजात गणितच शिकवते. हातात चहा येईपर्यंत थांबली, मग बोलली.

"बाबा, तुमच्या विधानावर एक शोधनिबंध आलाय. त्या नऊ गृहीतकांतून ते सिद्ध होत नाही आणि खोटंही ठरत नाही. कधीच होणार नाही, हे पक्कं झालंय."

"मग दहावं गृहीतक घेऊ."

"घ्या ना. पण यादी कितीही वाढवली तरी काहीतरी खरं असूनही सिद्ध न होता बाहेर राहतंच. तुम्हाला ठाऊक आहे ते."

ठाऊक होतं. ते आपल्याच दारात येईल असं वाटलं नव्हतं, इतकंच. सरांना रडू आलं नाही, रागही आला नाही. आत काही हललंच नाही. चहा पिऊन त्यांनी कप विसळून पालथा घातला.

"तुझी आई रागावली असेल माझ्यावर," ते म्हणाले.

"नव्हती रागावली."

"कशावरून?"

लेकीने बराच विचार केला. "ते नाही सांगता येत. पण नव्हती. मला माहीत आहे."

सर वही घेऊन बसले. कोऱ्या पानावर मधोमध रेघ मारली आणि डावीकडे लिहिलं, 'ती रागावली नव्हती.' उजवीकडे लिहायला काही सापडेना. सवयीने हात लाल पेनाकडे गेला, टोपणही निघालं. लेक समोरून बघत होती. अर्धा गुण कापायचा होता, आणि सर पेन धरून तसेच बसून राहिले.