ती तर आहेच

बाबाजींना सगळं जग बाबाजी म्हणे, आणि त्यांची सख्खी मुलगीही बाबाजीच म्हणे. लहानपणी एकदा भर संगतीत, जमलेल्या सगळ्या भक्तांसमोर, तिने "बाबा" अशी हाक मारली होती. त्यांनी तिला जवळ घेतलं आणि हसून विचारलं, "मी काय तुझ्या एकटीचा आहे का गं?" लोकांना ते इतकं आवडलं की पुढे वर्षानुवर्षं ते ही गोष्ट डोळे पुसत सांगत राहिले. तिला काय वाटलं, हे कुणी विचारलं नाही.

माणूस मोठा होता, त्यात खोटं नाही. मोडकळीला आलेला गुरुद्वारा त्यांनी उभा केला, लंगर सुरू केला, पंगतीत झाडूवाल्याच्या शेजारी कारखानदाराला बसवलं. बायकोवर हात उचलणारे गडी त्यांच्यासमोर मान खाली घालून रडत. आणि त्यांचं आवडतं वाक्य कुठलं, तर गुरूच्या दारात मुलगा-मुलगी एक. ते ऐकून कितीतरी बापांनी मुलींना शिकवलं. त्यांच्या स्वतःच्या मुलीची शाळा मात्र आई गेली तेव्हाच सुटली, कारण लंगरच्या चुलीकडे बघायला कुणीतरी हवं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पुढे बाबाजींची नजर गेली. मग ग्रंथासमोर त्यांची मुलगी बसू लागली. तिला सगळे ताईच म्हणत. ती वाचायची, ते अर्थ सांगायचे. म्हातारपणी अर्थ अडखळू लागला, तेव्हा ती मागून हळूच शब्द द्यायची आणि ते तो मोठ्याने बोलायचे. लोक म्हणत, काय वाणी आहे या वयात. पगडीचंही तेच. एवढं लांब कापड ताणून घड्या घालायला दोन माणसं लागतात. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं हिच्या. दोन चांगली स्थळं चालून आली, तेव्हा "मग दुसरं टोक कोण धरणार?" असं बाबाजी गमतीने म्हणाले. सगळे हसले, आणि स्थळं परत गेली.

थोरला भाऊ दुसऱ्या शहरात गाड्यांचे सुटे भाग विकायचा. केस कापलेले, दाढी गुळगुळीत. बाबाजींनी अंथरूण धरलं आणि याने दाढी वाढवायला घेतली. लंगरमधली म्हातारी पीठ मळता मळता म्हणाली, "ताई, दाढी बघितलीस का? गादीच्या दिशेने वाढतेय." ताई हसली, कारण गादी आपल्यालाच मिळणार याची तिला खात्री होती. तिला गादीचा मोह नव्हता असं लोक कौतुकाने सांगतात. साफ खोटं आहे ते. तिला गादी हवी होती, आणि इतक्या वर्षांत तिने दुसरं काहीही मागितलं नव्हतं.

कमिटीची माणसं खाटेभोवती जमली. ताई उशाशी औषधाचा चमचा घेऊन उभी होती.

"बाबाजी, तुमच्यामागे कोण?"

"थोरल्याला पगडी बांधा."

खजिनदार जरा भला माणूस. तो चाचरत म्हणाला, "आणि ताई?"

बाबाजींना प्रश्नच कळला नाही. "ती तर आहेच," ते म्हणाले.

माणसं गेल्यावर तिने विचारलं, "मुलगा-मुलगी एक ना, बाबाजी?"

"एकच गं. पण लोक बाईला मानणार नाहीत. आणि तू रागावणार नाहीस, ते मला माहीत आहे." एवढं बोलून त्यांनी पाणी मागितलं. तिने पाजलं.

ते गेले. पगडी बांधायच्या दिवशी कापड ताणायला भावाने तिलाच हाक मारली, आणि ती गेलीही. नाही म्हणायची सवय लहानपणीच लागावी लागते. पहिल्याच प्रवचनात त्याने बापाचं ते वाक्य म्हटलं आणि संगत गहिवरली. आयत्या बिळावर नागोबा, आणि फूत्कारसुद्धा बापाचाच.

काही महिन्यांनी एक बाई आपल्या मुलीला घेऊन लंगरमध्ये आली. "ताई, तुम्हीच समजवा हिला. परगावी नोकरी लागलीय म्हणते. हिचे वडील अंथरुणावर, मुलगा आपल्या संसारात. तुम्ही बाबाजींसाठी जन्म वेचलात. हिला सांगा ना, त्यात किती समाधान असतं."

ताईने हात पुसले आणि मुलीला विचारलं, "कधी हजर व्हायचंय?"

"सोमवारी."

"मग रविवारीच जा. वडील म्हणतील, तुझ्याशिवाय मला कोण आहे. तेव्हा त्यांना भावाचं नाव सांगायचं आणि निघायचं. मागे वळून बघू नकोस, ते पाणी मागतील."

बाईचा चेहरा पडला. "बाबाजींची मुलगी असून तुम्ही असं बोलता?"

"त्यांची मुलगी आहे म्हणूनच बोलते," ताई म्हणाली, आणि पंगत बसली होती म्हणून वाढायला गेली.